गिऱ्हाईक ते ग्राहक

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'गावाचा इतिहास' या विषयावर काहीतरी लिहावे, असे समितीच्या तरुण मंडळींनी मला सुचवले. खामगावचा इतिहास म्हटला की कापूस, रेल्वे आणि चांदी हे ठरलेलेच. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो इथल्या कापसासाठी, आणि 'रजतनगरी' हे नाव आपल्या सराफ्यामुळे मिळाले, हे शाळेतली पोरेही सांगतील. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या भागातली दुकाने आणि हॉटेले. त्यातही एकच बाजू : लेकरू बरोबर घेऊन आईबाप दुकानात शिरले, की त्यांना कसे वागवले जायचे. एकटा माणूस अपमान गिळतो, पुढच्या दुकानात जातो. पोराच्या देखत झालेला अपमान मात्र तो विसरत नाही, आणि पोरगंही विसरत नाही.

लहानपणी आमच्याकडे 'ग्राहक' हा शब्द कोणी वापरत नसे. 'गिऱ्हाईक' म्हणत. 'तो काय गिऱ्हाईक हाय' असे म्हटले की त्यात थोडी कीवही असायची. दुकानदार गादीवर, गिऱ्हाईक खाली पायरीवर. उंचीतच सगळे आले.

वऱ्हाडाला या बाबतीत एक मान आहे, तो फार लोकांना ठाऊक नाही. बाजार कायद्याने बांधून घ्यायची सुरुवात देशात आपल्याकडून झाली. १८८६ मध्ये कारंजा येथे पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. त्यापूर्वी, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही बरीच वर्षे, शेतकऱ्याची गाडी बाजारात आली की भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरायचा. दलालाची बोटे, व्यापाऱ्याची बोटे आणि मालाचा मालक बाजूला उभा. मग अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि 'कडता' असे कापत कापत जे हातात पडेल ते त्याचे. माझे आजोबा वडिलांना लहानपणी गाडीवर बसवून खामगावला आणत. वडील सांगायचे, 'रुमालाखाली काय चाललंय हे मी बापाला इचारलं, तर बाप म्हणाला, आपल्याले ते पाहाचं नसते.' १९२८ च्या शाही कृषी आयोगाने असे नियंत्रित बाजार सगळ्या देशात व्हावेत अशी शिफारस केली, पण वऱ्हाडातल्या बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचाच जोर होता.

माझे वडील पुढे प्राथमिक शिक्षक झाले, मेहकरकडच्या एका खेड्यात. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पगाराच्या दिवशी ते तालुक्याला जात आणि आम्हा भावंडांपैकी एकाला पाळीपाळीने बरोबर नेत. माझी पाळी आली की मी आदल्या रात्री झोपत नसे.

तो काळ मोजमापे बदलण्याचा होता. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. एक आणा म्हणजे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे, सरकारी तक्त्यात सहा, आणि आमच्याकडचे बरेच दुकानदार सात घेत. वडील तक्ता खिशात ठेवत. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला, १९६२ पर्यंत शेर कायद्याने गेला. शेर म्हणजे ऐंशी तोळे, आजच्या हिशेबात सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून ६७ ग्रॅमने मोठा. त्यामुळे किलोचा भाव शेरापेक्षा थोडा जास्त असणे बरोबरच होते, पण किती जास्त, हे साध्या माणसाला कळायचे नाही. कोणी जुन्या शेराने तोलून किलोचा भाव लावी. वडिलांनी शाळेच्या फळ्यावर याचे गणित मांडून मुलांना सांगितले होते की घरी जाऊन आईला सांगा. गावातल्या दुकानदाराला ते आवडले नाही.

वडिलांची एक सवय होती. सामान तोलायच्या आधी ते म्हणत, 'शेठजी, रिकामी पारडी दाखवा.' पारड्याखाली चिंच किंवा मेण चिकटवणे, पासंगाचा दगड बदलणे, दांडीला बोट लावणे हे प्रकार सर्रास होते. शेठजी हसून म्हणत, 'काहून गुरुजी, आमच्यावर भरोसा नाही का?' वडील म्हणत, 'भरोसा हाय म्हणूनच तर आलो.' मग पारडी दिसत. मी ते पाहून मोठा झालो. बँकेत रोकड मोजताना मला त्याची आठवण यायची.

पण त्याच शेठजींबद्दल दुसरेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे वर्षभराचा किराणा उधारीवर चाले. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत गुरुजींचे खाते होते. पगार दोन-दोन महिने लांबायचा, तेव्हा घरात तूर आणि तेल आले ते त्या वहीमुळे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावातली कितीतरी घरे रेशनच्या लाल मिलोवर आणि अशा वह्यांवर जगली. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. भाकर थापता येत नसे, लेकरे तोंड वाकडे करत. रेशनच्या रांगेत बायका कडेवर पोर घेऊन सकाळपासून उभ्या राहत आणि दुपारी 'माल संपला' ऐकून परतत. तेव्हा शेठजीने कोणाला उपाशी ठेवले नाही. मात्र ज्याचे नाव वहीत आहे, तो पारडी दाखवा म्हणत नाही. वडील म्हणत, कारण गुरुजी होते. बाकीच्यांची जीभ वहीने बांधलेली असे.

ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली ती एका हॉटेलात. आमच्या भागात हॉटेल म्हणजे चहाचे दुकान. बाहेर भट्टी, कढईत भजी आणि आलूबोंडे, आत चार बाकडी, भिंतीवर देवांचे फोटो आणि 'उधारी बंद' अशी पाटी. चांगल्या हॉटेलात मागे हिरवा पडदा लावलेली एक खोली असे, तिच्यावर 'फॅमिली रूम' लिहिलेले. बायका आणि मुली तिथेच बसत. बाप मुलीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसला, तर लोक वळून पाहत.

साल १९५९ असावे. वडिलांच्या शाळेत दुसरे एक गुरुजी होते. १९५६ साली नागपूरला जाऊन त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, माझ्या बाकावर. पगाराच्या दिवशी आम्ही चौघे तालुक्याला गेलो. सकाळपासून काही खाल्ले नव्हते. वडिलांनी हॉटेलापाशी पाय वळवला. आम्ही दोघे पोरे आधीच आत घुसून बाकावर बसलो होतो.

मालक आला आणि माझ्या मित्राला म्हणाला, 'तू भाईर ये.' आवाज चढवला नाही. भट्टीच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा होता, त्यात दोन कानतुटके कप पालथे ठेवलेले. त्याच्या वडिलांनी तो कोनाडा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, 'चहा नको. पोराला भूक लागली आहे, पावशेर भजी बांधून द्या.' भजी वरून कागदात टाकली गेली. वडिलांनीही आमच्या वाट्याची बांधून घेतली. आम्ही चौघे ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर बसून ती खाल्ली. मित्राने विचारले, 'आपण बाकावर काहून नाही बसलो?' त्याचे वडील म्हणाले, 'हवा चांगली हाय इथं.'

परतताना मागे चालत मी त्या दोघांचे बोलणे ऐकले. वडील म्हणाले, आता कायदा आहे, फिर्याद करू. दुसरे गुरुजी म्हणाले, 'कायदा मला पाठ आहे. पण फिर्याद केली तर उद्या वहीत नाव कोण ठेवील?'

कायदा खरोखरच होता. राज्यघटनेचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, हे सगळ्यांना माहीत असते. पण कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले असे शब्द चक्क नावानिशी लिहिलेले आहेत. देशाची घटना लिहिताना ज्यांना चहाच्या हॉटेलाचा उल्लेख करावासा वाटला, त्यांना ते बाकडे काय असते ते ठाऊक होते. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तर त्याही आधी, १९४७ मध्ये, अनुसूचित जातींवरची नागरी बंधने दूर करणारा प्रांतिक कायदा झाला होता. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (गुन्हे) कायदा देशभर लागू झाला. हॉटेलात प्रवेश नाकारला किंवा तिथली भांडी वापरू दिली नाहीत तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९७६ मध्ये तो आणखी कडक होऊन 'नागरी हक्क संरक्षण कायदा' झाला. म्हणजे त्या दिवशी कायदा चार वर्षांचा होता आणि कप कोनाड्यातच होते.

ते कप कोनाड्यातून गेले कधी, याची तारीख कुठल्या गॅझेटमध्ये मिळणार नाही. माझ्या पाहण्यात तरी ते आधी मोटार स्टँडवर गेले. एस.टी.च्या कॅन्टीनमध्ये गर्दी इतकी की कोण कुठला हे विचारायला वेळ नाही, आणि गिऱ्हाईक अनोळखी. रेल्वे स्टेशनचेही तसेच. शेगावच्या कचोरीचे नाव आज पार मुंबईपर्यंत आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी ती शेगाव स्टेशनवर सुरू केली. गाडी थांबते दोन-चार मिनिटे, बाप खिडकीतून हात बाहेर काढतो, कागदात कचोरी येते, पैसे जातात. त्यात जात विचारायची सोयच नाही. कचोरीचे कौतुक चवीसाठी होते, ते योग्यच आहे. मला ती या कारणासाठीही आवडते. (डॉक्टरांनी आता बंद केली आहे, पण शेगावला गेलो की मी डॉक्टरांना आठवत नाही.)

१९७२ मध्ये मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो. बँकेबद्दल लांब लिहीत नाही, तो वेगळा लेख होईल. एवढेच सांगतो की १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर धोतर-टोपीतला माणूस पहिल्यांदा बँकेच्या दारात आला आणि पितळी टोकन हातात धरून तासन् तास उभा राहिला. तक्रारी इतक्या वाढल्या की १९७५ मध्ये सरकारला तलवार समिती नेमावी लागली, बँकांनी गिऱ्हाइकाशी कसे वागावे यासाठी.

पुढे मी स्वतः बाप झालो. १९८२ ला मुलगी झाली आणि चार महिन्यांतच पत्नीला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी डब्याचे दूध सांगितले. तेव्हा माझी बदली जिल्ह्यातल्याच एका छोट्या गावी होती. दुकानात गेलो, डबा हातात घेतला, तर तारखेच्या जागी भावाची चिठ्ठी चिकटवलेली. नखाने काढू लागलो तशी दुकानदाराने डबा हातातून काढून घेतला. 'साहेब, सीलबंद डबा हाय, तारखेले काय चाटता?' मी बिल मागितले. 'बिल पाहिजे असंल तर टॅक्स लागंल.' १९७७ पासून बंद पाकिटावर वजन, किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणे सक्तीचे होते, हे मला बँकेच्या कामामुळे माहीत होते. ते सांगितले, तर तो म्हणाला, 'मग सरकारच्याच दुकानात जा.' घरी लेकरू रडत होते. दुसरे दुकान गावात नव्हते. त्या रात्री शेजाऱ्यांच्या गाईचे दूध पाणी घालून दिले आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने अकोल्याला जाऊन डबा आणला. तारीख वाचून आणला.

तेव्हा तक्रार करायची कुठे? वजनमापे निरीक्षक होते, दिवाणी कोर्ट होते. दुधाच्या एका डब्यासाठी दिवाणी दावा कोण लावतो? पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. 'ग्राहक' हा शब्द मी पहिल्यांदा मान देऊन वापरलेला ऐकला तो त्यांच्याच पत्रकांतून. त्या चळवळीच्या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. जिल्ह्याजिल्ह्याला मंच, वकील लावायची सक्ती नाही, सुरुवातीला एक लाखापर्यंतचे दावे. बुलढाण्यालाही मंच आला. १९९० पासून पाकिटावर 'सर्व करांसह कमाल किंमत' छापणे आले आणि 'टॅक्स लागंल' हे वाक्य तेवढ्यापुरते दुकानातून गेले. १९९२ मध्ये बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा झाला. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. २०१९ च्या नव्या कायद्याने मंचाचा आयोग झाला आणि आता घरबसल्या तक्रार करता येते.

यातून फरक पडला का? पडला. आज आपल्या गावात पेढ्याचे खोके बाजूला ठेवून आधी पेढे तोला, असे कोणी म्हटले तर दुकानदार रागावत नाही. शाळेचे कपडे एकाच दुकानातून घ्या, सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट घ्या, थंड बाटलीचे दोन रुपये जास्त द्या, हे अजून चालते. पण ते चुकीचे आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असते. टपरीवरच्या कट चहाचेही पैसे फोनवर जातात, लाल वही गेली. वही गेली तशी जीभ मोकळी झाली. तरुण पोरे भांडतात, ते मला आवडते.

आता तिसरी पिढी. माझी तीच मुलगी आज आपल्याच सोसायटीत राहते. तिचा मुलगा, माझा नातू, तेरा वर्षांचा आहे. तुम्ही सगळे त्याला ओळखता. जन्मापासून त्याचे पाय आणि हात त्याच्या मनासारखे हलत नाहीत, तो चाकाच्या खुर्चीवर असतो. आनंद झाला की मोठ्याने ओरडतो. त्याला दुकानात जायला फार आवडते. सामान निवडणे, बोटाने दाखवणे, पैसे स्वतःच्या हाताने देणे. यात वेळ लागतो.

मुलगी त्याला घेऊन बाजारात जाते तेव्हा मी कधी कधी सोबत असतो. आपल्या जुन्या बाजारपेठेतल्या दुकानांपुढे नाली आहे, नालीवर फरशी, मग दोन-तीन पायऱ्या, मग ओटा. जुन्या शेठजींच्या गादीची उंची अजून तशीच आहे म्हणा ना. ती खाली उभी राहून आवाज देते आणि दुकानदार सामान खाली आणून देतो. बहुतेक जण आपुलकीनेच देतात. एक-दोघे पैसे घेत नाहीत, ते तिला आवडत नाही. 'बाबा, तो भिकारी आहे का? त्याला वर येऊन स्वतः घ्यायचं असतं,' ती म्हणते.

मागच्या वर्षी एका मोठ्या शहरात त्याला डॉक्टरांना दाखवायला गेलो होतो. दवाखान्यातून निघाल्यावर त्याने एका चकचकीत कॅफेकडे बोट केले. आत जायला उतार होता, म्हणून आम्ही खूश. बसलो. त्याने काचेच्या कपाटातला केक पाहिला आणि ओरडला. दोन टेबलांवरची माणसे वळली. एक तरुण कर्मचारी आला, फार नम्रपणे वाकून म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला पार्सल करून देऊ का? बाहेर मोकळं वाटेल त्याला.' मुलगी म्हणाली, 'आम्ही इथंच बसून खाणार.' तो गेला, दुसरा आला, त्याने तेच विचारले. तिने तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा कोणी आले नाही. केक आला. नातवाने तो अर्धा टेबलावर सांडत सगळा खाल्ला आणि पैसे स्वतः दिले. आम्हाला तिथे पाऊण तास लागला. मी त्या पोराच्या नम्र आवाजाकडे पाहत होतो आणि मला भजी बांधून देणारा कागद दिसत होता. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. त्या कोनाड्यामागे हजारो वर्षे होती. पण बांधून देतो, बाहेर न्या, हे शब्द मला ओळखीचे वाटले.

कायदा याही बाबतीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे पूर्वी सात प्रकार मानत, ते एकवीस झाले. सेवा देणाऱ्यांनी, मग ते सरकारी असोत वा खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा सर्वांना वापरता येईल अशी करावी, असे त्यात आहे. नियम जून २०१७ मध्ये आले. हिशेब तुम्हीच करा. बँकेतला माणूस आहे, मुदत उलटलेली दिसली की मला राहवत नाही.

आपल्याच जिल्ह्यात हे जमते, याचे उदाहरण शेगावला आहे. गजानन महाराज संस्थानात सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला 'माउली' म्हणून हाक मारतात, वृद्धांना आणि चालता न येणाऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून नेतात. कैलासवासी शिवशंकरभाऊ पाटलांनी घालून दिलेली ती शिस्त आहे. नातवाला शेगावला न्यायचे म्हटले की मुलगी निर्धास्त असते. तिथे श्रद्धेने येते ती सवय बाजारात कशाने येईल, मला सांगता येत नाही. बाजारात माझा भरवसा कायद्यावर आणि 'इथंच बसून खाणार' म्हणणाऱ्या आयांवर जास्त आहे.

आणि उतार बांधायला फार लागत नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने दिवाळीनंतर जुन्या दरवाजाची एक फळी आणून पायरीवर टाकली. कोणी सांगितले नव्हते. आता दूधवाल्याचे कॅन आणि शेजारच्या काकूंची गुडघेदुखीही त्याच फळीवरून वर जाते. नातू तिथे रोज पाच वाजता हजर असतो, अर्धा कप, साखर जास्त.

आपल्या गेटजवळचे चार गाळे सोसायटीच्या मालकीचे आहेत. किराणा, औषधे, झेरॉक्स आणि केशकर्तनालय. औषधांच्या आणि किराण्याच्या दुकानापुढे प्रत्येकी तीन पायऱ्या आहेत, उंची मी मोजली, एकवीस इंच. गवंड्याला विचारून अंदाजपत्रक काढले आहे आणि दोन्ही गाळेधारकांशी बोललो आहे. एक निम्मा खर्च द्यायला तयार आहे, दुसरा 'पाहू' म्हणाला. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय यावा असे पत्र मी सचिवांकडे दिले आहे. सभेला कृपया वेळेवर यावे, मागच्या वेळी गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावे लागले होते.